वाघोबाचं तोंड

देव नाही असं देवजी उघड म्हणायचा, आणि उंबरमाळीच्या बाजूच्या त्या तीस उंबऱ्यांच्या पाड्यात त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. एखादा डावखुरा असतो, एखाद्याला कारलं आवडत नाही, तसा देवजीला देव पटत नाही, एवढंच. गावाची सत्तर गुरं तो राखायचा, आणि वीस वर्षांत त्याने एक वासरू हरवलं नव्हतं. गुराख्याला आणखी काय लागतं?

त्याची बायको भागी मात्र वाघोबाची मोठी भक्त. रानाच्या तोंडाशी चौथऱ्यावर वाघोबाचा गुडघाभर दगड होता, त्यावर वाघ कोरलेला, शेंदराने लाल. नऊ वर्षांपूर्वी बिबट्याने देवजीचा खांदा धरला तेव्हा भागी त्यालाच नवस बोलली होती. देवजी वाचला. तेव्हापासून दर वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावरच्या वाघोबाच्या सणाला, ती तिथे नारळ फोडायची.

"मला चांदरीने सोडवलं," देवजी म्हणायचा. चांदरी म्हणजे त्याची म्हैस. "शिंगं रोखून धावली तवा बिबट्या पळाला. नारळ फोडायचा तर तिच्यापुढं फोड."

"अन् चांदरीला धाडलं कुनी?"

यावर देवजी हसून काठी उचलायचा आणि गुरांकडे निघायचा. वाघबारशीला तो चूल खणायचा, पाणी भरायचा, पूजा चालली की गुरांकडे जाऊन बसायचा, आणि खीर वाढली की सगळ्यांच्या आधी पान मांडायचा. नवरा-बायकोचं बरं चाललं होतं.

सन अडतीसच्या वाघबारशीला दोन दिवस होते तेव्हा कान्हा आला. हा भागीच्या भावाचा मुलगा, चोवीस वर्षांचा, कसाऱ्याला रेल्वेत कामाला. त्याची आई तापाने फणफणली असताना भगताने अंगारा लावून घरातली शेवटची कोंबडी नेली होती, आणि आई चौथ्या दिवशी गेली. पुढे भागीनेच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता तो कल्याणला सभा ऐकून यायचा आणि देव या शब्दावर थुंकायचा.

"मामा, तुमी अन् मी एका बाजूचे," तो आत्याच्या नवऱ्याला म्हणाला.

"बाजू कसली रे? मी गुरांच्या बाजूचा," देवजी म्हणाला आणि हसला. ते हसणं कान्हाला होकार वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं सोडताना कान्हा त्याच्याजवळ आला. "काल सांजचं तुमच्या वाघोबाला ओहोळाच्या डोहात टाकला. आता बघू, पोहता येतं का त्याला. उद्या लोकांचे डोळे उघडतील."

देवजीला राग आला, आणि कशाचा आला ते त्याला नीट कळेना. एवढं बोलला, "तुझा राग भगतावर हाय, तर जाऊन भगताशी भांड. त्या दगडाने तुझं काय घेतलं?"

तोवर मोळीला गेलेली मैना रिकामा चौथरा बघून ओरडत गावात पोचली होती. गावाचे पाटील धाऊ देवजीकडे आले. "देवजी, तू मानत नाय, ते ठीक. पन तू असं करनार नाय, व्हय ना?" देवजीने मान हलवली. पाटलांचं विचारणं त्याला लागलं नाही. घरी भाकरी बांधून घ्यायला गेला, तेव्हा भागीने विचारलं ते लागलं.

"तुमी केलंत?"

पंचवीस वर्षांत तिने त्याला असा प्रश्न विचारला नव्हता. "नाय," तो म्हणाला. तिने भाकरी फडक्यात बांधली, आणि तिला पटलं की नाही हे त्याला कळलं नाही. कान्हाचं नाव घेतलं असतं तर क्षणात मोकळा झाला असता. पण ते नाव घेणं म्हणजे तिच्याच काळजात सुरी खुपसणं. तो भाकरी घेऊन निघाला.

दुपारी गुरं झाडाखाली रवंथ करत बसली तेव्हा देवजी डोहात उतरला. पायाने चाचपून दगड शोधला, गुरांच्या दाव्याने पाठीशी बांधला आणि चढ चढू लागला. जुना खांदा ठणकत होता. तीनदा बसला, दोनदा शिवी दिली, एक कान्हाला आणि एक वाघोबाला. चौथऱ्यावर दगड उभा केला, खाली चिपा ठोकून घट्ट केला, आणि कुणाला काही न सांगता गुरं घेऊन घरी आला.

वाघबारशीच्या सकाळी सगळा पाडा चौथऱ्यापाशी जमला आणि जागच्या जागी थिजला. वाघोबा परत आला होता, पण रानाकडे पाठ करून. त्याचं तोंड गावाकडे होतं.

"सोताच्या पायाने आला!" मैना म्हणाली.

"आला, पन कोपून आला," धाऊ पाटील हळूच म्हणाले. "रानावर नजर ठेवायची सोडली त्याने. आता वाघाला मोकळं रान."

बाया पोरांना जवळ ओढू लागल्या. कान्हा तोंड उघडणार, एवढ्यात भागी पुढे झाली. तिने दगड बघितला, त्याखालच्या चिपा बघितल्या. तिच्या चुलीचे दगड देवजी अशाच चिपा ठोकून बसवायचा. आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी आवरेना.

"देव नाय कोपला. माननाऱ्या मानसाने ठेवला असता तर असा उलटा ठेवला असता का? हे आमच्या घरातल्याचं काम!"

सगळे देवजीकडे वळले. "मीच आनला," तो ओशाळून म्हणाला. "मला काय ठाव, तो कुठं बघतो? लोक गावातून हात जोडाया येतात. त्यांच्याकडं तोंड नको?"

"मग टाकला कुनी?" पाटलांनी विचारलं.

"ते मी नाय सांगनार."

मग कान्हा म्हणाला, "मी टाकला." भागीचं हसू विझलं. कान्हाने तिच्याकडे बघितलं नाही, तो देवजीवरच उसळला. "मामा, तुमी तर मानत नाय! मग कशाला आनलात वर?"

"दगड वर आनायला देव मानावा लागत नाय रे. पाठ लागते," देवजी म्हणाला. "मला तो नको. पन तुझ्या आत्याला हवा. तिचा तिला राहू दे."

कान्हाने मान खाली घातली. लोक त्याच्यावर धावणार होते, पण भागीने हात आडवा केला. "याने पाडला, हाच फिरवील. आईविना वाढलाय तो. त्याचा राग मला ठाव हाय."

मग मामा आणि भाचा, दोघे न मानणारे, दगडाला भिडले, आणि भागी बाजूला उभी राहून सांगत होती, "अजून जरा रानाकडं. अजून. हां, बस."

खीर शिजली. भागीने वाघोबापुढे नारळ फोडला, आणि ओटीतून दुसरा काढला. गुरं बसली होती तिकडे ती गेली, म्हाताऱ्या चांदरीच्या पुढ्यात दगडावर तो फोडला, आणि खोबऱ्याची एक वाटी देवजीच्या हातावर ठेवली.

"घ्या. हा तुमच्या म्हशीचा."

देवजीला हात जोडायची सवय नव्हती. तो वाटी धरून तसाच उभा राहिला, आणि डोळे पुसायला त्याचा दुसरा हात वर गेला.