बुटांपुरती मुळं

आमच्या बेटांवर झाड नाही. झाड नाही म्हणून साल नाही, आणि साल नाही म्हणून कातडं कमवायला डोंगरावरच्या बोर्कुवीसाची मुळं. फूल म्हणाल तर नखाएवढं, पिवळं, चार पाकळ्यांचं. गवताच्या वर डोकं काढायची त्याची हिंमत नाही. मुळं मात्र ठेचली की लालभडक. त्या रसात मुरलेल्या मेंढीच्या कातड्याचे बूट कड्यावर पकड धरतात. कच्च्या कातड्याचे बूट पावसात साबण होतात.

त्या उन्हाळ्यात मुळांसाठी खणलेल्या खड्ड्यात हानुसच्या मेंढीचा पाय मोडला. कुरणात सर्वांत मोठा वाटा हानुसचा. त्यामुळे गावसभेत मेंढीसाठी जेवढी हळहळ झाली, तेवढी हिवाळ्यात बुडालेल्या नावेसाठीही झाली नव्हती. खणायला बंदी आली.

सुन्नुवा उठली. "हानुसकाका, आमच्या मिक्यालचे बूट कच्चे आहेत. पक्षी धरायला कड्यावर उतरायचंय त्याला. टोपलीभर मुळं काढू द्या. खड्डे मी बुजवते."

"पोरी, तुला दिलं की उद्या सगळ्या फावडी घेऊन उभ्या."

"मग तुमचे कमावलेले बूट द्या एक दिवस."

"त्याला मोठे होतील. माझा पाय मोठा."

"ते माहितेय. अख्ख्या कुरणावर पडतो."

सभा हसली. हानुसही मोकळेपणाने हसला. बंदी राहिली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं, "यंदा जाऊ नकोस."

"आणि हिवाळ्यात काय, ही फुलं उकडून घालणारेस?" मिक्याल म्हणाला. "दोर कमरेला असतो गं, पायाला नाही."

पण कड्याच्या अरुंद पट्टीवर पोचलं की पुढे सरकायला दोर सोडावाच लागतो. पाऊस भुरभुरत होता. खाली नाव घेऊन गेलेल्यांना मिक्याल सापडला. एका पायात बूट होता, गुळगुळीत.

चर्च डोंगरापलीकडच्या गावात. शवपेटी खांद्यावरून न्यायची. खांदेकऱ्यांतही निम्म्यांचे बूट कच्चे. पुन्हा सभा भरली.

"वाटेत कुणी घसरलं तर पेटी दरीत जाईल," हानुस गंभीरपणे म्हणाला. "मेलेल्या माणसाचे असे हाल बरे नव्हेत." टोपलीभर मुळं काढायला एकमताने परवानगी मिळाली. वादळामुळे पाद्री लगेच येणार नव्हता, तोवर कातडी मुरली असती. मिक्याल नावा ठेवायच्या खोपटात थांबला.

मुळं सुन्नुवाइतकी झटपट कुणाला सापडत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला विचारायला जरा संकोच वाटला, पण विचारलं. ती फावडं घेऊन गेली.

संध्याकाळी हानुस कुरण बघायला वर आला. आपल्या मोठ्या बुटाने इथेतिथे दाबून पाहिलं. माती कुठेच खचली नाही. उपटलेली फुलंसुद्धा तिने परत जागेवर खोचली होती.

"कुठे खणलंस तेच कळत नाही गं," तो म्हणाला.

"म्हटलं होतं ना काका," सुन्नुवा टोपली उचलत म्हणाली, "बुजवते म्हणून."