गोलकीपर कप्तान

"अहो, हा संघ आहे की लग्नाची पंगत? दोन्हीकडची माणसं सारखी बसवलीत!" शरयू अंबरीशच्या फोनमध्ये डोकावून म्हणाली.

रविवारची सकाळ होती. शिंदे की छावनीतल्या त्यांच्या गॅलरीत बाड्याच्या बाजारातून आणलेली बेडई, डाळ भरलेली पुरी, गार होत होती. विमा कार्यालयात कारकून असलेला अंबरीश फुटबॉलच्या एका फुकट ऑनलाइन स्पर्धेसाठी खेळाडू निवडत होता. महिला लीगच्या सामन्यातल्या दोन्ही संघांतून अकरा जणी घ्यायच्या. त्या मैदानात जशा खेळतील तसे गुण, कप्तानाचे दुप्पट. स्पर्धेत लाखभर लोक होते. गोलकीपर म्हणून त्याने आपल्या मुलीला, अंतराला, घेतलं होतं. आणि समोरच्या संघातल्या, तिच्यावर गोल मारणाऱ्या तिघींनाही.

"त्यांनी गोल मारले तर अंतराचे गुण जाणार. तिने अडवले तर त्यांचे." शरयू शाळेत गणित शिकवत असे.

"म्हणूनच तर! कुठून ना कुठून काही येतंच. शेवटचा नाही येत मी कधी."

"पहिलाही नाही येत. दहा जणांत हे चालतं. लाखात वर यायचं तर एकच बाजू धरावी लागते, तीही इतरांनी सोडलेली. बुडाली तर सगळंच बुडतं."

अंतराच्या क्लबने तिला पुढच्या हंगामाच्या सराव शिबिराला बोलावलं होतं. शिबिर आणि बँकेची परीक्षा एकाच आठवड्यात होती. परीक्षेचा अर्ज त्यानेच भरला होता. क्लबला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. काल ती फोनवर रडवेली झाली होती, "बाबा, दोनो नहीं हो पाएगा. तुम्ही एकदा सांगा तर सही." तो म्हणाला होता, "बघ, जमव काहीतरी."

त्याने समोरच्या तिघींना काढलं. त्यांच्या जागी अंतराच्या पुढे उभ्या राहणाऱ्या बचावातल्या तिघी घेतल्या. गोल झाला नाही तर त्यांनाही गुण. मग कप्तान निवडली.

"गोलकीपर?" शरयू हसली. "कोणी करत नाही हो."

"तूच म्हणालीस न, इतरांनी सोडलेली."

अंतराने तीन गोल खाल्ले. एक तर हातातून निसटला. अंबरीशचा संघ यादीत इतका खाली गेला की तो शोधायला शरयूला बोट दुखेपर्यंत स्क्रीन सरकवावी लागली.

संध्याकाळी अंतराचा फोन आला. "बघितलंत न? एकदम बेकार खेळले. बँकेचा पेपर देऊन टाकते."

"नको. शिबिराला जा."

ती बारीक आवाजात म्हणाली, "आज कप्तान कोण होती तुमची?"

"तू."

"गोलकीपर को कप्तान? बाबा, पागल हो क्या!" ती हसायला लागली, मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला. "आई, सांभाळ गं यांना!"

फोन ठेवून अंबरीशने पुढच्या सामन्याचं पान उघडलं. गोलकीपरची जागा आधी भरली. बाकीच्या दहा रिकाम्या ठेवून त्याने सकाळच्या गार बेडईची ताटली पुढे ओढली आणि एक घास घेतला.

"गरम करून देऊ?" शरयूने विचारलं.

"असू दे," तो म्हणाला. "छान लागतेय."