फळीवरचे बूट

राग माझ्या नाकावरच असतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या छोट्या कारखान्यात पायाला आधार लागणाऱ्या मुलांसाठी आम्ही खास बूट बनवतो. अठरा वर्षं मी तिथला मुख्य कारागीर. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक बूट बाहेर पडायचा नाही. कुणी काही घेऊन आलं की मी म्हणायचो, "ठेव फळीवर, मी बघतो." माझ्यावाचून इथं पान हलत नाही, याचा मला कोण अभिमान!

मग इस्पितळाचं पत्र आलं. सगळं काम आम्हाला तिथूनच मिळतं. महिन्याभरात बूट वेळेवर यायला लागले नाहीत, तर काम दुसऱ्यांना देऊ, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे बारा घरांच्या चुली विझणार. मी सगळ्यांना फैलावर घेतलं. कामचुकार म्हणालो, आणखीही बरंच काही म्हणालो.

त्याच आठवड्यात एक बाई सात वर्षांच्या लेकीला घेऊन थेट आत कामाच्या खोलीत आली. मी फळीवरचा त्या मुलीचा बूट काढून तिला घालायला गेलो, तर तो टाचेच्या वर चढेचना.

"माप चुकवलंस, गाढवा!" मी मापवाल्यावर ओरडलो.

तो बिचारा कागद शोधायला लागला. तेवढ्यात शिलाईकाकू मशीनवरून उठल्या. एरवी दिवसभरात चार शब्द बोलणार नाहीत. त्यांनी बुटाची जीभ उलटली. आत पेन्सिलीनं तारीख लिहिलेली होती.

"माप बरोबर होतं. नऊ दिवसांत बूट शिवून झाला. त्याला चौदा आठवडे झाले. फळीवर होता."

"वाट बघून बघून पोरच मोठी झाली की हो," बाई म्हणाली. चिडून नाही, अगदी सहज. तेच जास्त लागलं.

मी फळीकडे बघितलं. एकतीस जोड होते. सगळ्यांच्या जिभा उलटून बघितल्या. सगळ्या तारखा जुन्या. काम कोण अडवतंय ते कळलं. कान सोनारानं टोचावेत म्हणतात, माझे शिलाईवालीनं टोचले. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण काकू, तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

"मग आता काय करू?" मी विचारलं. असा प्रश्न मी त्या खोलीत पहिल्यांदाच विचारत होतो.

"जो करेल त्यानंच तपासावं आणि सही करून द्यावं," काकू म्हणाल्या. "अवघड असेल तेवढं तुम्हाला विचारू. आम्हाला येतं हो."

सोपं नव्हतं. बूट माझ्यासमोरून जायचा आणि माझे हात शिवशिवायचे. दोनदा मी मध्ये तोंड घातलं, दोनदा मापवाल्यानं मला हसत हसत बाहेर काढलं. पण त्या महिन्यात एकही बूट रखडला नाही. इस्पितळानं काम आमच्याकडेच ठेवलं.

त्या मुलीचा नवा जोड अकराव्या दिवशी तयार झाला. ती पुढच्या खोलीत भिंत न धरता चालली, मग वळून परत आली. तिची आई माझ्यापुढे हात जोडायला लागली.

"अहो, मी बोटसुद्धा लावलं नाही," म्हटलं, आणि काकूंना हाक मारली.

काकू दारातच थबकल्या. मुलीच्या पावलांकडे बघत राहिल्या.

"आपले बूट घालून कुणाला चालताना कधी बघितलंच नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "बूट देताना तुम्हीच असायचात ना."

अठरा वर्षं लोकांचे आभार मी एकटाच घेत आलो होतो. मी आतलं दार सताड उघडलं आणि ओरडलो, "मशीनं बंद करा! सगळे बाहेर या, लवकर!"

मग मुलीला म्हटलं, "बाळा, अजून एक फेरी मारतेस?"