लेखिकेच्या आईचे स्वभावचित्र (गुण ५)

लाल. आधी फक्त लाल. गावाबाहेरच्या माळावर क्षितिजापर्यंत अंथरलेली, ऊन पिऊन पिऊन गडद झालेली, वाऱ्याशी कोरडे कोरडे कुजबुजणारी मिरची. जणू फाल्गुनाने आपले उपरणे वाळत घातले आणि न्यायचे विसरला.

(जणू आले. म्हणजे उत्प्रेक्षा. मिरची कुजबुजली. म्हणजे चेतनगुणोक्ती.)

नंदुरबारच्या त्या पथारीवर, मिरची वाळवायच्या त्या माळावर, तांबड्या राशींच्या मधोमध, बारा बाया देठ खुडत बसलेल्या. अकरा जणी गप्पांत. बारावी ओठांतल्या ओठांत.

उपमेय. उपमान. खुड. उपमेय. उपमान. खुड.

ती मालन. वय अडतीस. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेली. गेल्या खेपेस मराठीत चार गुणांनी राहिलेली. यंदा राहिले तर पुन्हा नाही, हे तिने स्वतःलाच बजावलेले. उद्या अकराला मराठीचा पेपर. त्याच पेपराला तिची लेक तेजलही. शेजारी गोणपाटावर बसून ती आईसाठी मोठ्याने वाचत होती, आईसाठी पाने उलटत होती.

"मालन, देठ खुडायचा पेपर असता तर पैकीच्या पैकी आणले असतेस गं!" राशीपलीकडून थोरली गेंदाबाई हसली.

"आणि तोंडी असता तर तुम्ही बोर्डात आल्या असत्या, मावशी."

हसू उठले, राशीवरून घरंगळले, विरले.

आत्मचरित्र म्हणजे सगळे आयुष्य, तेजल वाचत होती. आठवणी म्हणजे त्यातला उजेडात उरलेला तुकडा. मालनला ते आवडले. उजेडात उरलेला. मग अंधारातला कोण लिहितो?

आठवा धडा. एका शिकलेल्या बाईच्या आठवणी. बोर्डिंगला निघाल्याचा दिवस.

*आई अंगणात मिरचीच्या ढिगापाशी बसली होती. ती उठली नाही. तिने मला जवळ घेतले नाही. माझ्या तोंडावरून हात फिरवला नाही. लांब हो, एवढेच म्हणाली. टांगा हलला, तरी तिने डोळेसुद्धा पुसले नाहीत.*

"यावर स्वभावचित्र येतंच," तेजल म्हणाली. "गाइडमध्ये तयार आहे. लेखिकेची आई कठोर व अबोल होती. मुलीच्या शिक्षणास तिचा मनातून विरोध होता. असंच्या असं लिही. पाच गुण."

मालनची बोटे थांबली.

"पुन्हा वाच."

"कुठून?"

"ढिगापासून."

तेजलने वाचले. मालनने पुन्हा वाचायला लावले. दूर कुठे टिटवी ओरडली, ऊन एक बोट सरकले, आणि मालनच्या मनात एक प्रश्न उगवला. मग त्याला फुटवे फुटत गेले.

"ऊन किती होतं? कधीपासून बसली होती ती?"

"आई, ते कोण विचारणार आहे?"

"मी विचारतेय."

तिने आपले तळवे उलटे करून पाहिले. तांबूस, तप्त, ताकाने धुऊनही न निवणारे. पथारीचा पहिला धडा कुठल्याच पुस्तकात नाही: भरल्या हाताने डोळ्याला शिवायचे नाही, लेकराला शिवायचे नाही. रडू आले तर गालावरच वाळू द्यायचे.

"अगं, हात भरलेले होते तिचे," मालन हळूच म्हणाली. "तोंडावरून फिरवला असता, तर पोर सगळ्या वाटेनं आगीनं रडली असती."

बाकी अकराही जणींना ते एकदमच दिसले.

"एवढी शिकली, पुस्तकात आली," मालनला राहवेना, "आणि तिला हे कुणी सांगितलंच नसेल?"

"कोण सांगणार?" गेंदाबाई म्हणाली. "असलं आया बोलून दाखवत नाहीत."

तेजल पानाच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. मग, खाली बघूनच:

"मी पळत आले की तू कोपरानं ढकलायचीस. मला वाटायचं, मी तुला आवडतच नाही."

"कधीपर्यंत?"

"आठवीच्या सुट्टीत मी पथारीवर खुडायला आले, तोपर्यंत."

"मग हे तुला या धड्यात दिसलं कसं नाही?"

"परीक्षेसाठी वाचताना असं कोण बघतं, आई?" तेजलने गाइड पुढे सरकवले. "मार्क गाइडचे मिळतात. तुला चार कमी पडले होते. चार."

चार. वाऱ्याने आकडा उचलला आणि मिरचीवर ठेवला.

दुसरा दिवस. अकरा. घंटा. लांब खोलीत ओळीमागून ओळी, मालनच्या पुढे-मागे सोळा वर्षांचे खांदे. लेक दुसऱ्या कुठल्या खोलीत. हात तिने रात्रीच तेलाने, मिठाने, पिठाने घासलेले.

प्रश्न तिसरा. लेखिकेच्या आईचे स्वभावचित्र तुमच्या शब्दांत रेखाटा.

*तुमच्या शब्दांत.*

कठोर व अबोल पाठ होते. अगदी जिभेच्या टोकाशी होते. पेन त्या 'क'वर क्षणभर टेकले, उचलले गेले.

आणि मालनने लिहिले, सावकाश, एकेक अक्षर खुडून वेगळे ठेवत:

*बाई, तुम्ही टांग्यातून नीट पाहिलं नाही. तुमची आई*

टांगा वळतो. धूळ उठते. धुळीपलीकडे ती उभी राहते. दोन्ही हात अंगापासून दूर, हवेत. बोटे जळतात. गाल भिजतात. पुसायला कुणी नाही. रस्ता संपेपर्यंत, दिवस संपेपर्यंत, ते हात तसेच. पसरलेले, लालभडक, रिकामे.