सगुणी, पान १८७

"गाय राहू दे," जयंत म्हणाले. "कपिला. मुलांना गंमत वाटेल. तेवढी वरची ओळ काढू."

वीणाला वरची ओळ कुठली ते विचारावं लागलं नाही. त्यांची पेन्सिल त्या ओळीवरच टेकलेली होती.

जयंत तिचे थोरले दीर. पुण्याहून तीन आठवड्यांसाठी ब्रिस्टलला आले होते, आणि सुटकेसमध्ये भाजणीच्या पिठाशेजारी घराण्याच्या कुलवृत्तान्ताची पावणेसहाशे पानांची प्रुफं घेऊन आले होते. सात वर्षं त्यांनी त्यात घातली होती. देशोदेशीच्या कुलबंधूंना फॉर्म पाठवायचे, उत्तर आलं नाही की स्मरणपत्र, तरी नाही आलं की फोन. आता सगळं छापायला तयार होतं. फक्त शेवटची व्यक्तिनामसूची राहिली होती. आणि सूची करायला घरात वीणासारखं दुसरं कोण होतं? तिचा तर तो पोटापाण्याचा उद्योग.

पहिल्या भागाच्या परिशिष्टात एक जुनी यादी होती, मोडीतून उतरवून घेतलेली. शके १७०९ मधली, घरातल्या चीजवस्तूंची. तांब्याची घंगाळी दोन. पितळी समई एक. मग, 'बटीक सगुणी, उमर अदमासे नऊ, खरेदी.' आणि तिच्याखाली, 'गाय कपिला, दुभती.'

"काका, बटीक म्हणजे काय?" मीनल विचारत होती. वीणाची ही मुलगी ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत होती. काका आलेत म्हणून वीकेंडला घरी आली होती.

"घरात काम करणारी बाई गं. पूर्वी असायच्या."

"बाई कुठे? नाइन आहे ती. आणि इथे खरेदी लिहिलंय. खरेदी म्हणजे शॉपिंग ना?"

वीणाच्या नवऱ्याने, श्रीकांतने, वर्तमानपत्र थोडं वर धरलं. विमानाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस. भडका कुठे उडणार हे त्याला आधी कळत असे, आणि तिथून तो लांब बसत असे.

"काका, आज मॉर्निंगला डॉक्सवर तुम्हीच म्हणाला ना," मीनल सोडेना, "सगळं शहर माणसं विकून बांधलं. हाऊ शेमलेस, म्हणाला."

"ते खरंच आहे! जहाजं भरभरून माणसं नेली या लोकांनी. साखळदंड घालून. आपलं तसं नव्हतं, आपण घरच्यासारखं वागवायचो."

"मग लिहा ना तसं. गाय राहतो आणि मुलगी जातो, धिस इज मॅड."

"राहते," जयंत म्हणाले. ते तीस वर्षं हायस्कुलात शिक्षक होते. "गाय राहते. मुलगी जाते."

वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. मीनल खुर्ची मागे सरकवून वर निघून गेली.

जयंतनी चष्मा काढून डोळे चोळले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. "वीणा, तुला म्हणून सांगतो. मी काही राक्षस नाही. पण ही ओळ छापली की लोक विचारणार, तिचं पुढे काय झालं? ती नवाची एकोणिसाची झाली असेल ना? मुलं झाली असतील. कुणाची झाली? कुठल्या शाखेत घालू त्यांना? बाराशे घरांत जाणार पुस्तक. मंगलकार्याला आहेर म्हणून देतील लोक."

"हो, भाऊजी," वीणा म्हणाली.

"सूचीचं कार्ड केलंयस का तिचं?"

"केलंय."

"मग काढून टाक."

"बरं."

'बरं' म्हणणं वीणाला नवं नव्हतं. वंशावळी शोधणाऱ्यांच्या एका खासगी संस्थेच्या कार्यालयात ती अकरा वर्षं काम करत होती. आजूबाजूच्या चर्चमधली बाप्तिस्म्यांची आणि दफनांची जुनी रजिस्टरं समोर ठेवायची आणि प्रत्येक माणसाचं एक कार्ड टाईप करायचं. तासाला चाळीस कार्डं. रुजू झाली त्या दिवशी तिला एक टाईप केलेलं पान मिळालं होतं, त्यावर बारा नियम होते. सातवा असा : आडनाव नसल्यास कार्ड करू नये.

नियम तिला पटलाही होता. सूची आडनावानुसार लागते. आडनाव नसेल तर कार्ड ठेवणार कुठे? म्हणून 'सीझर, कॅप्टनच्या घरचा काळा नोकर, वय बारा' आला की ती खालच्या ओळीवर जायची. 'एक काळी मुलगी, नाव ठाऊक नाही' आली तरी खालच्या ओळीवर. पहिल्या वर्षी डोळा अडखळायचा. दुसऱ्या वर्षी अडखळायचा थांबला, आणि कार्डं तासाला पंचेचाळीस व्हायला लागली.

मग गेल्या हिवाळ्यात मिस्टर एलरॉय यायला लागले. जमैकाहून तरुणपणी आलेले, सिटी बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त. सेंट पॉल्स वस्तीतल्या त्यांच्या चर्चला एक छोटी पुस्तिका काढायची होती : या शहरात पुरलेल्या काळ्या माणसांची नावं. त्यांनी आठवडाभर सूचीचे खण पालथे घातले. अख्ख्या अठराव्या शतकात त्यांना चार नावं सापडली.

"चारच कशी, माय लव्ह?" ते वीणाला म्हणाले. "बंदरात गल्लीगल्लीत होते आमचे लोक. मेलेच नाहीत की काय?"

मग त्यांनी मूळ रजिस्टरं मागवली आणि पहिल्या पानापासून ओळ न् ओळ वाचायला घेतली. दर गुरुवारी. भिंगावर वाकलेली त्यांची मान वीणाला तिच्या टेबलावरून दिसायची. सापडलं की ते बोटाने टेबलावर एकदा वाजवत. त्यातली कितीतरी रजिस्टरं तिनेच केलेली होती. बोट वाजलं की तिला कळायचं : मी इथूनच खाली गेले होते.

एका गुरुवारी त्यांनी सरळ विचारलं, "ही सूची केली कुणी?"

"ऑफिसने," वीणा म्हणाली.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग मान हलवून म्हणाले, "ऑफिसच करतं नेहमी."

त्या संध्याकाळी तिने साहेबांना विचारलं. आधीची रजिस्टरं पुन्हा करता येतील? साहेब सज्जन होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, आणि समजावलं की इथे लोक स्वतःचे पूर्वज शोधायला येतात. नियम ग्राहकाला सोयीचा असावा लागतो. "आणि तुमच्या कामात एकही चूक नाही, वीणा. मी सगळ्यांना सांगतो."

मार्चमध्ये मिस्टर एलरॉय आजारी पडले आणि मग आलेच नाहीत. रजिस्टर अर्ध्यावर राहिलं. त्यांनी घातलेली कागदाची खूण तिनेच काढली. रजिस्टरात खूण ठेवायची नाही, असाही एक नियम होता.

जयंत निघायच्या आदल्या दिवशी तिने दोन हजार कार्डं अकारविल्हे लावून बुटांच्या तीन खोक्यांत भरली. 'स' आला. सखाराम, सगुणाबाई, मग ते कार्ड. तिने ते बाहेर काढलं. त्यावर मोजून एक ओळ होती. कितीतरी वेळ ते हातात धरून ती उभी राहिली, आणि मग जिथलं तिथे परत घातलं.

"ते कार्ड काढलंस ना?" विमानतळावर जयंतनी विचारलं.

"हो," वीणा म्हणाली.

पुस्तक पुढल्या वर्षी, सत्त्याण्णवच्या मे महिन्यात आलं. इंग्लंडातल्या कुलबंधूंच्या चौदा प्रती एकाच पार्सलात, वाटायला. सोबत जयंतांचं पत्र. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे सूचीची प्रुफं त्यांना बघता आली नव्हती. छापखान्याने कार्डांवरून जुळवली आणि छापली. 'तुझ्या हातून असं होईल असं वाटलं नव्हतं,' त्यांनी लिहिलं होतं. बाकी क्षेमकुशल. पाकिटात चौदा चिठ्ठ्या होत्या, त्या प्रत्येक प्रतीत अगदी शेवटी, मलपृष्ठाच्या आत चिकटवायच्या होत्या.

वीणाने आधी पान १८७ उघडलं. घंगाळी होती, समई होती, आणि समईखाली कपिला. मध्ये जागासुद्धा सोडलेली नव्हती.

मग तिने चिठ्ठी वाचली.

'शुद्धिपत्र. सूची, पृ. ५९४ : "सगुणी (बटीक), १८७" ही नोंद सूचीकार सौ. वीणा यांच्या नजरचुकीने छापली गेली आहे. पृ. १८७ वर अशी कोणीही व्यक्ती नाही.'

तिने ती दोनदा वाचली. बारा वर्षांत आणि कितीतरी हजार कार्डांत तिच्या नावावर चढलेली ही पहिली चूक.

डिंकाची बाटली घेऊन ती जेवणाच्या टेबलाशी बसली. पहिली प्रत उघडली ती पुढून. वंशवृक्षाचं पान होतं ते, वर मूळ पुरुषाचं नाव, ठळक. त्याच्यासमोरचं पान कोरं होतं. तिने चिठ्ठीच्या मागे डिंक लावला, कडा जुळवल्या आणि ती त्या कोऱ्या पानावर बरोबर मधोमध चिकटवली.

"अगं, दादाने मागे लावायला सांगितलंय," श्रीकांत चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला होता.

"शुद्धिपत्र कुठे लावायचं ते मला कळतं."

"पण असं उघडल्या उघडल्या—"

"अहो, ते तिथलं पुस्तक सरकवा जरा इकडे."

त्याने सरकवलं.

डिंक ओला असेपर्यंत पुस्तकं मिटता येणार नव्हती. चौदा प्रती टेबलभर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर उघड्या पडल्या होत्या. कप ठेवायला श्रीकांतला कुठे जागा दिसेना. तो तसाच हातात धरून उभा राहिला, आणि उभ्याउभ्याच समोरची चिठ्ठी वाचू लागला.