पेटीत ठेवलेली बंदूक

ओब्रादने बंदूक घोंगडीत गुंडाळून आणली होती, आजारी कोकरू आणावं तशी. पेर्सिदाने घोंगडी उलगडली आणि नाक मुरडलं.

"ही बंदूक आहे की गटाराचा पाइप?"

"शिकार मंडळाच्या कपाटात पडली होती, मावशी. मला देऊन टाकली त्यांनी. लोखंड जुन्या लष्कराचं आहे, खणखणीत. मिलुनला सांगा, नळी साफ कर, वर दुर्बीण बसव आणि हे लाकूड काढून टाक. मला काळा प्लॅस्टिकचा दस्ता पाहिजे. पावसात फुगत नाही."

"मग बायकोही प्लॅस्टिकचीच आणायचीस. तीही फुगली नसती."

ओब्राद हसला आणि स्टुलावर बसला. या शेडमधून टोमणा खाल्ल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, हे होमोल्येच्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक होतं. अर्ध्या डोंगराच्या खांद्यावर इथलीच बंदूक होती. लष्कराने मोडीत काढलेल्या बंदुका पेर्सिदाचा नवरा पाउन घेऊन यायचा. नळीच्या टोकापर्यंत गेलेलं ते लांबलचक लाकूड फेकून द्यायचा, काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टची आडवी मूठ भट्टीत लाल करून खाली वाकवायचा, म्हणजे वर दुर्बिणीला जागा होते, आणि अक्रोडाच्या फळीतून नवा दस्ता काढायचा. शेवटचा हात मात्र पेर्सिदाचा. जवसाचं तेल कोमट करून, लाकूड गरम होईपर्यंत ती तळव्याने रगडायची. पाउन गेला, पोराने, मिलुनने, शेड घेतली, तरी तेल तिचंच राहिलं. सुनेने एकदा हात लावून पाहिला होता. परत लावला नाही.

मिलुन आज वरच्या वाडीत एक बंदूक पोचवायला गेला होता. पेर्सिदाने दस्ता उजेडात धरला. फाटकाला देतात तसला हिरवा रंग कोणीतरी त्यावर थापला होता.

"असं कसलं लाकूड आहे, जे झाकावं लागलं?" ती पुटपुटली आणि काचेचा तुकडा घेऊन खरवडायला लागली. रंगाचे पापुद्रे निघाले. खाली अक्रोड निघालं, काळसर रेघांचं. "आणि हे फेकून द्यायचं म्हणे! देवाने तुला डोळे दिलेत की बटणं?"

तिने सवयीने तळवा फिरवला. तळवा दस्त्याच्या मुठीपाशी आला आणि तिचा अंगठा एका खळग्यात जाऊन बसला.

हात तिथेच थांबला.

पाउनचा उजवा अंगठा तरुणपणी लोखंड आवळून धरायच्या शेगड्यात चिरडला होता आणि वाकडाच जुळला होता. कोणतीच बंदूक त्याच्या हातात नीट बसेना, म्हणून स्वतःच्या बंदुकीला त्याने हा खळगा कोरून घेतला होता. फक्त त्या एकीला. आणि ती बंदूक पेर्सिदाने तेलाच्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या हाताने त्याच्या शवपेटीत, उजव्या कुशीला ठेवली होती. मेलेल्या माणसाला तिकडे जे लागेल ते बरोबर द्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. पाउनने शेवटच्या आजारात एवढंच मागितलं होतं. "राकियाची बाटली नको, तंबाखू नको. बंदूक तेवढी दे. शब्द दे." तिने शब्द दिला होता.

"मावशी? चक्कर येतेय का?"

"मंडळाकडे कुठून आली ही?"

"मला काय माहीत! कपाटात होती."

पेर्सिदा तेलाच्या हातानेच बाहेर पडली. स्मशान गावाच्या वर, चढावर. चढताना तिच्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. उकरलेली माती, फुटलेली पेटी, उघडा पडलेला पाउन. कोणी केलं असेल? कधी? आणि मी काय आंधळी होते?

थडगं जसंच्या तसं होतं. दगड जागेवर. तिनेच लावलेल्या झुडपाची मुळं दगडाच्या चारी बाजूंनी घट्ट विणली गेलेली. इथे कुदळीचा एक घावही पडलेला नव्हता.

तेव्हा ती खरी हादरली. चोर असता तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण इथे चोर आलाच नव्हता. बंदूक मातीतून निघाली नव्हती. ती मातीत गेलीच नव्हती.

बंदूक ठेवल्यावर बायका तिला तोंड धुवायला आत घेऊन गेल्या होत्या. ती परत आली तेव्हा झाकण बंद होतं. आणि हातोडी मिलुनच्या हातात होती.

ती दगडावर बसली. दरवर्षी मृतांच्या जेवणाला ती इथे भाजलेलं मांस, मेणबत्ती आणि एक काडतूस ठेवत आली होती. "काय रे, मिळालं का काही?" असं विचारत आली होती. शेजारणीने नवऱ्याच्या पेटीत रेडिओ ठेवला म्हणून तिला हसली होती!

ती शेडमध्ये परतली तेव्हा मिलुन आलेला होता. खरवडलेल्या लाकडाकडे बघत उभा होता.

"आई, आधी बस."

"बसायला मी पाहुणी नाही. पेटीतून तूच काढलीस?"

त्याने नजर लाकडावरून हलवली नाही.

"बोल, मेल्या!"

"काढली."

"मी जरा नंतर येतो," ओब्राद उठला.

"उभा राहा! अर्धं ऐकलंस, आता सगळं ऐक. नाहीतर उरलेलं गावात जाऊन मनाने जुळवशील."

मिलुनने टोपी काढली. "बंदूक बाबांच्या नावावर होती. माणूस गेला की ती ठाण्यात जमा करावी लागते. ते विचारणारच. काय सांगणार होतो? बाबा घेऊन गेले? परवाना गेला असता, शेडला कुलूप लागलं असतं, आणि त्यांनी बाबांना तुझ्यासमोर उकरून बंदूक काढली असती. म्हणून जमा केली. पुढे त्यांनी मंडळाला कधी दिली, ते मलाही आजच कळतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पेटीवर जाऊन बसली असतीस."

"बसलेच असते!" मग तिला काहीतरी आठवलं. "माणसांनी पेटी उचलली तेव्हा आत लोखंड वाजलं होतं. मी स्वतः ऐकलंय. ते काय होतं?"

मिलुनचे कान लाल झाले. "पहार."

"काय?"

"कोपऱ्यातली पहार. त्याच फडक्यात गुंडाळून ठेवली. वजन कमी लागलं असतं तर तुला संशय आला असता."

"पहार," पेर्सिदा म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "पहार. म्हणजे तुझा बाप इतकी वर्षं तिकडे खांद्यावर पहार टाकून रानडुकरांमागे हिंडतोय?"

ओब्रादने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"हस! तुझ्या पेटीत तुझा तो प्लॅस्टिकचा दांडा ठेवायला सांगते." तिने नळीवर बोट ठेवलं. "हे लोखंड आता कोणाच्या नावावर?"

"ओब्रादच्या."

"आणि लाकूड?"

"लाकूड कोणाच्याच नावावर नसतं, आई. नंबर लोखंडावर असतो."

"मग काढ."

मिलुनने खालचे दोन स्क्रू सोडले. शिजलेल्या मांसातून हाड निघावं तसं लोखंड अलगद सुटून आलं. ओब्रादने दस्ता दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे केला. आता तो हसत नव्हता.

"मी मेले की माझ्या पेटीत ठेव," ती मिलुनला म्हणाली. "मीच नेऊन देईन त्याला."

"ठेवतो, आई. शपथ."

इतक्या पटकन म्हणाला की तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हातोडी पुन्हा याच्याच हातात असणार. आणि ती स्वतः पेटीत पडलेली असणार, डोळे मिटून.

"नको," ती म्हणाली. "कुदळ घे."

"आत्ता? भर दिवसा? लोक काय म्हणतील? पाद्री काय म्हणेल?"

"म्हणू दे. शब्द मी दिला होता, पाद्र्याने नाही."

"पण नुसत्या लाकडाचं बाबा काय करणार?"

"पहार आहेच की त्याच्याजवळ, तू दिलेली. कारागीर माणूस आहे, करील काहीतरी."

चढावर दोन कुंपणांवरून बायका वाकून बघत होत्या. पेर्सिदाने दस्ता झाकला नाही. मिलुनने पेटीच्या वर, उजव्या अंगाला खणायला सुरुवात केली. मुळं तुटायला वेळ लागला. गुडघाभर खड्डा झाल्यावर त्याने घाम पुसला.

"पुरे ना, आई?"

ती त्याच्या हातांवरून नजर हलवत नव्हती.

"आणखी खोल," ती म्हणाली.