आईच्या आईची आई

पेन्सिलीच्या मागच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या, चांगल्या खोल, आणि त्या मिसेस क्रोंच्या असतील हे सुनेत्राला काही केल्या पटेना. रॅली शहरातल्या, राज्याच्या विधिमंडळात बसणारी, साठीची, इथल्या मूळनिवासी चेरोकी जमातीची बाई पेन्सिल चावते? मग मी चावते तेव्हा आई एवढी का ओरडते... पण ते राहू दे. आठवडाभर सुनेत्रा इथे पेज होती, म्हणजे सभासदांचे कागद इकडून तिकडे पोचवायचे, निळा ब्लेझर घालायचा, शाळेला अधिकृत दांडी. आणि शुक्रवारी सगळ्या पेजेसमधून एकीने सभागृहात उभं राहून आपल्या सभासदाची ओळख करून द्यायची. ती एक म्हणजे मीच, हे तिने सोमवारीच ठरवून टाकलं होतं.

मिसेस क्रोंवरची वर्तमानपत्रांतली कात्रणं तर पाठ होती. सहाव्या वर्षी बोर्डिंग शाळा, तिथे चेरोकी बोललं की तोंडात साबण. मग वीस वर्षं डोंगरातल्या वळणांवर स्कूलबस चालवली. निवडणूक दोनदा हरल्या, तिसऱ्यांदा एकेचाळीस मतांनी आल्या, आणि तेव्हापासून एकच बिल पुन्हा पुन्हा मांडतायत — रस्ता खणताना जुन्या कबरी लागल्या तर काम थांबवायचं. पण तिसऱ्यांदा उभं राहावंसं वाटलंच का, हे एकाही कात्रणात नव्हतं. चीअरलीडिंगमध्ये एकदाच नापास झाल्यावर मी पुन्हा त्या जिमकडे बघितलंसुद्धा नाही...

म्हणून आज, गुरुवारी, लंचमध्ये तिने विचारलंच.

मिसेस क्रोंनी सँडविचच्या कागदाची नीट घडी घातली. "आधी तू सांग. तुझी माणसं कोण?"

हे तर सोपं. बाबांनी पुण्याहून आणलेला कुलवृत्तांत घरात होता, घराण्याचं छापील पुस्तक. त्यातल्या सात पिढ्या सुनेत्राने धडाधड म्हणून दाखवल्या — चारुदत्त, त्र्यंबक, एकनाथ आणि आणखी मागे. मिसेस क्रो शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"छान. हे वडिलांकडचे. आमच्यात माणूस आईकडून ओळखतात. तुझ्या आईच्या आईची आई कोण?"

सुनेत्राने बोटांवर मोजायला सुरुवात केली: आई, आजी, आणि तिसऱ्या बोटाला अडली.

"उद्या सकाळी सांग," त्या म्हणाल्या. "मग मी तिसऱ्या वेळचं सांगते. त्यात माझी आजी आहे. तुझ्या माणसांशी ओळखदेख नसताना तिला गोष्टीत कशी बोलावू?"

दुपारभर कागद पोचवताना सुनेत्राने एक नाव तयार करून ठेवलं: राधा. चांगलं नाव आहे. कोण तपासायला जातंय पुण्याला?

संध्याकाळी कॅरीला घरी परतताना, आई गाडी चालवत असताना, तिने इंग्लिशमध्ये सहज विचारल्यासारखं विचारलं, आजीच्या आईचं नाव काय होतं म्हणून.

"जिजी."

"नाव, आई."

"अगं, सगळे जिजीच म्हणायचे. लग्नात लक्ष्मी ठेवलेलं, ताटात तांदळावर लिहितात तसं. त्याआधीचं... कुणी विचारलंच नाही बाई."

"त्याआधीचं म्हणजे?"

"माहेरचं. बदलायचे ना तेव्हा. माझं नाही का पद्मिनी होतं?"

नव्हतं. म्हणजे मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं ही बाई शैला होती — डब्यावर, चेकवर, शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर शैला — आणि तिच्या आत कुठेतरी एक पद्मिनी, आत्ताही, ब्लिंकर न देता लेन बदलत...

"जिजीला शिट्टी वाजवता यायची," आई एकदम म्हणाली. "दोन बोटं घालून. घरात पुरुष नसले की."

आणि हायवेवरून उतरायची एक्झिट चुकली. "बघ, तुझ्यामुळे," आई पुटपुटली, पण गाडी पुढे जातच राहिली.

राधा. सुनेत्राने ते नाव मनातल्या मनात त्या शिट्टीला लावून पाहिलं. बसेना. उद्या नऊ वाजता मिसेस क्रो वाट बघत असतील, आणि माझ्याकडे नाव नाही, नुसती शिट्टी आहे... तेवढ्यावर त्या सांगतील? नाही सांगणार कदाचित. मग शुक्रवारचं उभं राहणंही दुसऱ्या कुणाचं. आश्चर्य म्हणजे त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. कोणत्या गाण्याची शिट्टी, कोणाला शिकवली, आजीला येते का — आणि पद्मिनीला? ती आईच्या ओठांकडे बघत राहिली, आणि पुढची एक्झिटही चुकावी असं तिला वाटत राहिलं.